हरवता येणारे यंत्र

घरगुती संगणकाशी बुद्धिबळ खेळण्याचा इतिहास साधारण पन्नास वर्षांचा असून, या काळात यंत्राचे बळ जितके वाढले त्याहून मोठा बदल त्याच्या घरातील भूमिकेत झाला आहे. आरंभी ते प्रतिस्पर्धी होते, म्हणजे त्याच्यासमोर पट मांडून बसावे, त्याच्या खोडी ओळखाव्यात आणि जमल्यास त्याला हरवावे, असे त्याचे स्थान होते. आज ते परीक्षक झाले आहे, म्हणजे डाव माणसामाणसांत होतो आणि कोण कोठे चुकले याचा निवाडा यंत्र देते. छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, मुलांना बुद्धिबळ शिकवण्याचे काम करताना हे स्थित्यंतर ज्या रीतीने अनुभवास आले, त्याची मांडणी येथे केली आहे. तिचा गाभा असा की, यंत्र हरवता येण्याजोगे होते तेव्हा विचार करणे खेळणाऱ्याला भागच होते. ते अजिंक्य झाल्यावर विचार करणे ऐच्छिक झाले, आणि जे ऐच्छिक झाले ते मुद्दाम शिकवावे लागते.

बुद्धिबळात प्रगती व्हायची तर स्वतःहून थोडा वरचढ प्रतिस्पर्धी नियमितपणे मिळावा लागतो. महाराष्ट्रात असे प्रतिस्पर्धी प्रामुख्याने मुंबई, पुणे आणि सांगली येथे होते. १९५५ साली एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धेचे संयुक्त विजेते रामचंद्र सप्रे आणि १९७४ मध्ये महिलांचे पहिले राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवणाऱ्या वासंती खाडिलकर व त्यांच्या भगिनी जयश्री आणि रोहिणी यांची मुंबई, तसेच भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाची सांगली, ही त्या काळातील बुद्धिबळाची घरे होती. मराठवाड्यातील खेळाडूला ती केवळ नकाशावर जवळ होती. नव्वदच्या दशकाच्या आरंभापर्यंत औरंगाबाद ते मनमाड हा लोहमार्ग मीटरगेज असल्याने मुंबईची गाडी धरण्यासाठी मनमाडला उतरून गाडी बदलावी लागत असे, आणि दोन दिवसांच्या स्पर्धेसाठी शाळा, रजा व प्रवासखर्च यांचा मेळ घालणे सामान्य कुटुंबाला अवघड जात असे. गल्लीतील चार-पाच खेळणाऱ्यांना हरवून झाले की चांगल्या मुलाची वाढ तेथेच खुंटे, कारण पुढचा प्रतिस्पर्धी शेकडो किलोमीटर दूर बसलेला असे. या उणिवेच्या जागी घरगुती संगणक आला, आणि म्हणूनच या शहरात त्याचे महत्त्व मोठ्या शहरांतल्यापेक्षा अधिक होते.

संगणक बुद्धिबळ कसे खेळतो, याची सैद्धांतिक मांडणी अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात केली, आणि तिचा सांगाडा पुढील अनेक दशके टिकून राहिला. डावाच्या आरंभी पांढऱ्याला २० आणि त्यावर काळ्यालाही २० खेळ्या उपलब्ध असतात. मध्यडावात एका स्थितीत साधारण ३० खेळ्या शक्य धरल्या तर दोन्ही बाजूंची एकेक खेळी होताना शक्यतांची संख्या जवळजवळ हजारपट होते. यंत्र या शक्यतांचा वृक्ष काही पायऱ्यांपर्यंत वाढवते, प्रत्येक फांदीच्या टोकाशी आलेल्या स्थितीला गुण देते आणि प्रतिपक्षही स्वतःला सर्वांत हितकारक तेच खेळेल असे गृहीत धरून आपली खेळी निवडते. गुण देण्याचा मुख्य आधार मोहऱ्यांच्या रूढ किमतींचा असतो: प्यादे १, घोडा आणि उंट प्रत्येकी ३, हत्ती ५ आणि वजीर ९. एखाद्या खेळीला एक जबर उत्तर सापडले की तिची उरलेली उत्तरे तपासत बसायचे नाही, या काटकसरीच्या तत्त्वाला अल्फा-बीटा छाटणी म्हणतात, आणि तिच्यामुळेच तुटपुंज्या शक्तीच्या यंत्रालाही थोडे अधिक खोल पाहता येऊ लागले.

ही शक्ती किती तुटपुंजी होती, याची कल्पना आकड्यांवरून येते. पीटर जेनिंग्ज यांचा १९७६ चा ‘मायक्रोचेस’ हा कार्यक्रम केवळ १ किलोबाइटच्या आसपास स्मृती असलेल्या किम-१ या एकपाटी संगणकावर चालत असे. त्याला पडदा नसल्याने खेळाडूने शेजारी खरा पट मांडून यंत्राच्या खेळ्या स्वतःच्या हाताने करायच्या असत. पुढे डेव्हिड हॉर्न यांनी झेडएक्स-८१ या संगणकासाठी अवघ्या ६७२ बाइटमध्ये बसणारा कार्यक्रम लिहिला, मात्र त्यात किल्लेकोट नव्हता आणि शेवटच्या घरी पोचलेल्या प्याद्याची बढतीही नव्हती. दूरचित्रवाणी संचाला जोडून वापरायच्या ४८ किलोबाइटच्या ‘स्पेक्ट्रम’ या संगणकाची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आली, तर केंद्र सरकारच्या ‘क्लास’ या संगणक साक्षरता प्रकल्पातून १९८४-८५ पासून देशातील निवडक शाळांमध्ये बीबीसी मायक्रो हे संगणक दाखल झाले. औरंगाबादेत याच सुमारास वाळूज आणि चिकलठाणा येथील औद्योगिक वसाहती वाढत होत्या, १९६० साली स्थापन झालेल्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जोडीला नवी महाविद्यालये उभी राहत होती, आणि त्यांच्यामागोमाग आलेल्या अभियंत्यांच्या व प्राध्यापकांच्या मोजक्या घरांत असे यंत्र दिसू लागले होते.

अशा यंत्राशी खेळणे हे धीराचे काम होते. ध्वनिफितीवर साठवलेला कार्यक्रम टेपरेकॉर्डरमधून संगणकात उतरवताना काही मिनिटे कर्कश आवाज ऐकत बसावे लागे, आवाजाची पातळी किंचित चुकली तरी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होई, आणि घरातील एकमेव दूरचित्रवाणी संच बातम्यांच्या किंवा मालिकेच्या वेळी सोडून द्यावा लागे. वरच्या पातळीवर यंत्र एकेका खेळीसाठी कित्येक मिनिटे घेत असे, कारण एक पायरी अधिक खोल पाहायची तर काम कितीतरी पटींनी वाढते. या सक्तीच्या प्रतीक्षेचा एक लाभ असा झाला की, यंत्र विचार करत असताना समोरचा मुलगाही तीच स्थिती पाहत बसे आणि यंत्र काय खेळेल याचा अंदाज बांधत असे. प्रतिस्पर्ध्याच्या वेळेत स्वतः विचार करावा, हा स्पर्धेतील खेळाडूचा गुण त्या पिढीला संथ यंत्राने कोणी न सांगता लावला.

यंत्राच्या उणिवा ठरावीक असल्याने त्या ओळखता येत असत, आणि त्यांतील सर्वांत बोधप्रद उणीव म्हणजे ज्याला क्षितिज-परिणाम म्हटले जाते ती होय. यंत्र चार पायऱ्या पाहत असेल तर पाचव्या पायरीवर घडणारे त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते. त्यामुळे एखादे मोहरे वाचणार नाही असे दिसताच ते मध्येच निरर्थक शह देई किंवा एखादे प्यादे फुकट देऊन टाकी, आणि अटळ हानी क्षितिजापलीकडे ढकलली गेली की संकट टळले असे समजे. जुने देणे फेडता येत नाही म्हणून रोज नवे उसने काढणाऱ्या ऋणकोसारखे हे वर्तन होते. ज्या मुलांच्या हे लक्षात आले त्यांनी यंत्राशी खेळण्याची एक पद्धत शोधली: समोरासमोरच्या चकमकी टाळायच्या, पट बंद ठेवायचा, प्याद्यांची भिंत हळूहळू पुढे सरकवायची आणि ज्याचे फळ दहा खेळ्यांनंतर मिळेल असा बेत आखायचा. चकमकीत यंत्र क्वचितच चुके, बेत मात्र त्याला करताच येत नसे. गणन आणि नियोजन हे दोन वेगळे गुण आहेत, हा भेद पुस्तकातून समजावून सांगायला जेथे कित्येक आठवडे लागतात, तेथे तो या मुलांना आठ-दहा पराभवांनंतर आपोआप उमगलेला असे.

या यंत्राने घराघरांत आणखी एक काम केले, ज्याकडे फारसे लक्ष दिले गेलेले नाही. वडीलधारी मंडळी जी देशी पद्धत खेळत तीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले, शेवटच्या घरी पोचलेले प्यादे ज्या मोहऱ्याच्या घरात पोचले त्याच मोहऱ्याचे रूप घेई, आणि शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याप्रमाणे अडीच घरांची उडी मारण्याची मुभा असे. तपशील गावोगाव बदलत. संगणकाला हे काही मान्य नव्हते. त्याचे प्यादे आरंभी दोन घरे पुढे येई, त्याचा राजा हत्तीच्या जोडीने किल्लेकोट करी, आणि प्यादे शेवटच्या घरी पोचताच तेथे सरळ वजीर उभा राही. उलट आजोबांच्या पद्धतीची खेळी त्याला दिली तर ती चुकीची ठरवून तो पुढे जाण्यास नकार देई. ज्या गावांत आंतरराष्ट्रीय नियमांचे पुस्तक किंवा पंच सहज पोचला नव्हता, तेथे हे नियम कसलाही वाद न घालता रुजवण्याचे काम या न बोलणाऱ्या पंचाने केले. त्यात काही हरवलेही, कारण प्याद्याने मात करण्याला मोठा मान देणारी देशी पद्धतीची स्वतंत्र रसिकता पुढच्या पिढीच्या ओळखीची राहिली नाही.

पुढील काळात यंत्राचे बळ झपाट्याने वाढले. १९९१ मध्ये ‘फ्रिट्झ’ या बुद्धिबळ कार्यक्रमाची पहिली आवृत्ती आली, १९९४ मध्ये लंडन येथील जलद स्पर्धेत पेंटियम संगणकावर चालणाऱ्या ‘चेस जीनियस’ने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्ह यांना हरवले, आणि मे १९९७ मध्ये न्यूयॉर्क येथे आयबीएमच्या ‘डीप ब्लू’ने त्यांच्यावर ३.५–२.५ असा सामना जिंकला. ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणारे प्रचंड यंत्र असल्याने त्याची वार्ता जगभर गेली, तथापि घरगुती संगणकाच्या दृष्टीने १९९४ चा निकाल अधिक सूचक होता, कारण दुकानातून विकत आणता येईल अशा जातीच्या यंत्राने तो घडवला होता. औरंगाबादेतील मध्यमवर्गीय घरांत संगणक मोठ्या संख्येने आला तो त्यानंतर, विशेषतः २००२ पासून एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाने संगणकाची भीती मोडल्यावर. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज-७ यांच्या काही आवृत्त्यांसोबत येणारा ‘चेस टायटन्स’ हा दहा पातळ्यांचा खेळ कित्येक मुलांचा पहिला गुरू ठरला. कोण कितव्या पातळीवर पोचला हीच त्यांची आपसातील मोजपट्टी होती. त्याच काळातील भारनियमनात ऐन रंगात आलेला डाव अंधारात विरून जाई, आणि वीज परत येईपर्यंत तीच स्थिती आठवून लाकडी पटावर मांडण्याची सवय काही मुलांना लागे, जी स्मरणशक्तीच्या दृष्टीने उपकारक होती.

यंत्र हरवता येण्याजोगे असण्याचा काळ नेमका केव्हा संपला, हे एका तारखेने सांगता येणार नाही, तरीही २००९ हे वर्ष खुणेचे मानता येते. त्या वर्षी ब्युनॉस आयर्स येथील स्पर्धेत एका मोबाइल फोनवर चालणाऱ्या ‘पॉकेट फ्रिट्झ ४’ने १० पैकी ९.५ गुण मिळवले, आणि तेही सेकंदाला २० हजारांहून कमी स्थिती तपासून. ‘डीप ब्लू’च्या तुलनेत ही संख्या नगण्य होती, याचा अर्थ केवळ वेग वाढला नव्हता, तर काय पाहायचे आणि काय सोडायचे याची निवड यंत्राला जमू लागली होती. डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ या कार्यक्रमाने नियमांखेरीज काहीही न शिकवता स्वतःशी खेळून प्रावीण्य मिळवल्याचे प्रसिद्ध झाले, आणि २०२० मध्ये ‘स्टॉकफिश’ या २००८ पासून विनामूल्य उपलब्ध असलेल्या इंजिनाने स्थितीला गुण देण्यासाठी चेताजाल वापरण्यास आरंभ केला. चेताजाल म्हणजे असंख्य उदाहरणांवरून स्वतःच मूल्यमापन शिकणारी गणिती रचना. इंजिन म्हणजे बुद्धिबळाचा विचार करणारा कार्यक्रम. तो आज पैठण गेटच्या बाजारात मिळणाऱ्या साध्यातल्या साध्या फोनवर चालतो आणि कोणत्याही जगज्जेत्याहून बलवान आहे.

या बदलाचे मोल कमी लेखता येणार नाही, कारण त्याने अंतराचा प्रश्न मुळातून सोडवला. पूर्वी गंगापूर किंवा पैठणच्या मुलाला आपल्या डावातील चूक दाखवणारा जाणकार शोधावा लागे आणि तो बहुधा सापडत नसे. आज तीच चूक डाव संपताक्षणी घरबसल्या दिसते. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताच्या दोन्ही संघांनी सुवर्णपदके मिळवली तेव्हा त्यांत नाशिकचा विदित गुजराथी आणि नागपूरची दिव्या देशमुख होती, आणि जुलै २०२५ मध्ये दिव्याने बातुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. मुंबई-पुण्याबाहेर राहूनही जागतिक शिखर गाठता येते, हा विश्वास संभाजीनगरच्या पालकांत आज दिसतो तो अशा उदाहरणांमुळे.

वर्गात मात्र या सोयीची दुसरी बाजू रोज समोर येते. स्पर्धेहून परतलेल्या मुलाला डाव कोठे फिरला असे विचारले तर तो पटाकडे न पाहता फोनकडे पाहतो आणि “सर, इंजिन अधिक दोन पूर्णांक तीन दाखवतंय” असे उत्तर देतो. अधिक २.३ म्हणजे पांढऱ्याकडे दोन प्याद्यांहून थोडे जास्त मोलाचा वरचष्मा आहे, एवढे त्याला ठाऊक असते. तो वरचष्मा कशात आहे, दुबळ्या प्याद्यात की उघड्या पडलेल्या राजात, हे विचारल्यावर तो थांबतो. निकाल हाती असतो, मीमांसा नसते. शिवाय पडद्यावर खेळी मागे घेण्याची सोय असल्याने हात लावलेले मोहरे खेळावेच लागते हा नियम अंगवळणी पडत नाही, आणि सपाट चित्रावर वाढलेल्या नजरेला खऱ्या पटावर दूरच्या कोपऱ्यातील उंट दिसत नाही. पहिल्याच स्पर्धेत या दोन कारणांनी डाव घालवणारी मुले दरवर्षी आढळतात.

यंत्राला मुद्दाम दुबळे करून खेळावे, हा उपाय वरवर सोपा वाटतो, पण त्यात एक सूक्ष्म अडचण आहे. जुन्या यंत्राची चूक त्याच्या मर्यादेतून निघत असल्याने तिला कारण होते, आणि कारण असल्यामुळे तिच्यापासून शिकता येत होते. आजच्या बलवान इंजिनाची खालची पातळी मात्र बहुधा अशी घडवलेली असते की ते अनेक अचूक खेळ्यांनंतर अधूनमधून वाईट खेळी निवडते. वीस खेळ्या पंडिताप्रमाणे खेळणारा प्रतिस्पर्धी एकविसाव्या खेळीला कारण नसताना वजीर गमावतो, तेव्हा मूल जिंकते, परंतु त्या विजयातून त्याला वाट पाहत बसण्यापलीकडे काही मिळत नाही. ही त्रुटी ओळखून टोरंटो आणि कॉर्नेल विद्यापीठांतील व मायक्रोसॉफ्टमधील संशोधकांनी २०२० मध्ये ‘माया’ हे इंजिन प्रसिद्ध केले, जे लाखो मानवी डावांवरून सर्वोत्तम खेळीऐवजी त्या त्या मानांकनाचा माणूस कोणती खेळी करील ते शिकते. शिकवण्याच्या दृष्टीने ही दिशा आश्वासक आहे, कारण तिने कारण असलेली चूक यंत्रात परत आणली.

तथापि मुख्य उपाय यंत्रात नसून ते उघडण्याच्या वेळेत आहे. जगज्जेता डी. गुकेश याच्या घडणीविषयी सर्वज्ञात आहे की, त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी ग्रँडमास्टर पदाच्या टप्प्यापर्यंत त्याला इंजिनापासून दूर ठेवले होते. प्रत्येक मुलाला इतका कडक नियम लावणे शक्य नाही आणि आवश्यकही नाही. म्हणून वर्गात एक साधी वही वापरली जाते, जिच्या पानाचे दोन रकाने केलेले असतात. डाव्या रकान्यात विद्यार्थ्याने खरा पट मांडून स्वतःचे मत लिहायचे असते: कोणती बाजू वरचढ आहे, का आहे, आणि कोणत्या दोन-तीन खेळ्या विचारात घेण्याजोग्या होत्या. ते लिहून झाल्यावरच फोन उघडायचा आणि उजव्या रकान्यात इंजिनाचे मत उतरवायचे. दोन्ही रकाने जुळतात तेथे पुढे जायचे. जुळत नाहीत त्या ओळी लाल शाईने अधोरेखित करायच्या, आणि पुढच्या तासाचा अभ्यास त्या ओळींवरच घ्यायचा. मुले आरंभी या लेखनाला कंटाळतात, कारण उत्तर खिशात असताना ते शोधण्याचे श्रम त्यांना व्यर्थ वाटतात. काही महिन्यांनंतर लाल ओळी कमी होऊ लागतात, आणि मग मूल स्वतःहून डावा रकाना आधी भरते.

जुन्या आणि नव्या यंत्रातील अंतर ज्या एका स्थितीवरून सर्वांत स्पष्टपणे समजावता येते, ती अगदी थोड्या मोहऱ्यांची आहे. पांढऱ्याचा राजा ई४ घरात, त्याच्या मागे ई३ वर एकच प्यादे, आणि समोर ई६ वर एकाकी काळा राजा. दोन राजांमध्ये एकच घर मोकळे असून, ज्याला खेळावे लागेल तो बाजूला सरतो आणि दुसऱ्याला वाट मिळते. याला समोरासमोर उभे राहण्याचे तत्त्व म्हणतात. काळ्याची पाळी असेल तर पांढरा जिंकतो, पांढऱ्याची असेल तर डाव बरोबरीत सुटतो. हे प्यादे वजीर होण्यास दहा-अकरा खेळ्या लागतात, आणि इतके दूरचे जुन्या यंत्राला दिसत नसल्याने तत्त्व जाणणारे दहा वर्षांचे मूल त्याला येथे निरुत्तर करू शके. आज सात मोहऱ्यांपर्यंतच्या सर्व स्थितींचे निकाल सारणीरूपात तयार असून फोन ते क्षणात दाखवतो. मात्र तो ‘विजय’ किंवा ‘बरोबरी’ सांगतो, कारण सांगत नाही. वर्गात हेच प्यादे ई३ ऐवजी ई२ वर ठेवले जाते, पांढऱ्याची पाळी दिली जाते, आणि आता काय होईल असे विचारून फोन पालथा ठेवला जातो. बराच वेळ कोणी बोलत नाही. मग एखादी मुलगी राजाला हात न लावता मागचे प्यादे एक घर पुढे सारते आणि म्हणते, “आता पाळी त्याची.” जुन्या यंत्राला ती खेळी का चांगली आहे हे दिसत नव्हते आणि नव्या यंत्राला ते सांगता येत नाही, ते कळलेले आहे त्या मुलीला, आणि ते तिच्या डाव्या रकान्यात लिहिले जाते.